घाबरट मांजर घरभर घाण करतंय? तपासणीचा क्रम, सोप्यापासून अवघडापर्यंत

रस्त्यावरची, कुणी सोडून दिलेली मांजरं काही दिवस घरी सांभाळायची आणि मग चांगल्या घरी द्यायची, असं माझं नाशिकमध्ये बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. त्यामुळे एक फोन ठरलेला असतो. कधी इंदिरानगरहून, कधी सिडकोतून, कधी नाशिकरोडहून: "बाकी सगळं छान आहे हो, पण गादीवर शू करतंय. मुद्दाम करतंय." मांजराच्या डोक्यात सूड वगैरे काही नसतो. एक तर त्याला कुठेतरी दुखतंय, किंवा कशाची तरी धास्ती बसलीय, किंवा तुम्ही शू-शीसाठी दिलेला ट्रे त्याला पटलेला नाही. यातलं नेमकं काय, ते शोधायला मी ज्या क्रमाने जातो तोच इथे लिहितोय.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते आधी ठरवा. दोन-तीन एकत्रही असू शकतात.

- शू ट्रेमध्ये, पण शी ट्रेच्या अगदी शेजारी फरशीवर.
- गादी, सोफा, धुवायच्या कपड्यांचा ढीग, पायपुसणं अशा मऊ जागी भरपूर शू.
- भिंत, पडदा, दाराची चौकट, गॅलरीचं दार अशा उभ्या जागी थोडीशी पिचकारी. मांजर उभं असतं, शेपटी ताठ आणि थरथरणारी, वास फार उग्र.
- सारखं बसतं, पण थेंबभरच येते. ओरडतं, खालची जागा चाटत राहतं. शू गुलाबी किंवा लालसर.
- दिवसभर दिवाणाखाली, रात्री सगळे झोपले की बाहेर. बेल वाजली की पळतं. पोटावरचे केस चाटून चाटून विरळ झालेले.
- एरवी ठीक, पण पाहुणे आले, ढोल वाजले, घर बदललं की दोन-चार दिवस गोंधळ.

बोका असेल तर थांबा, आधी हे

बोका ट्रेमध्ये बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि शू येतच नाहीये, तर खालचं काहीही करत बसू नका. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि खडे, कण किंवा चिकट स्रावाने तो तुंबतो. शू अडली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि एक-दोन दिवसांत बोका जाऊ शकतो. पुष्कळ लोकांना हे बद्धकोष्ठ वाटतं आणि ते चमचाभर एरंडेल पाजून सकाळची वाट बघतात. वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना फोन करा. उलटी होतेय, बोका गळून पडलाय, पोटाला हात लावू देत नाही, तर एक तासही फार झाला.

शू अडल्याचा हा धोका नाही असं दिसलं, की मग पुढे.

१. वही-पेन (खर्च शून्य)

आठवडाभर एवढंच लिहा: कुठे, किती वाजता, किती, बसून की उभ्याने, आणि त्याच्या आधी घरात काय झालं. हे कंटाळवाणं आहे म्हणून लोक सोडून देतात आणि थेट महागडं लिटर (ट्रेत पसरायचे, शू शोषून घेणारे दाणे) घेऊन येतात. पण निम्मं उत्तर या वहीत असतं. बसून, आडव्या जागी, भरपूर शू म्हणजे ट्रे किंवा तब्येत. उभ्याने, उभ्या जागी, थोडीशी म्हणजे हद्दीची खूण, आणि तिचा इलाज पूर्ण वेगळा. सगळी घाण खिडकी-दारापाशी असेल तर कारण बाहेर आहे. बेडरूममध्ये तुमच्याच अंथरुणावर असेल तर घाबरलेलं मांजर बहुतेक वेळा तुमच्या वासाजवळ जातंय, त्याला तिथे सुरक्षित वाटतं. ते तुमच्यावर रागावलंय असा अर्थ काढून त्याला रागावलात, तर त्याची उरलीसुरली सुरक्षित जागाही जाते.

निरोगी मोठं मांजर दिवसातून साधारण 2 ते 4 वेळा शू करतं. दहा वेळा बसत असेल तर इथेच थांबा आणि क्रमांक ७ वर जा.

दोन मांजरं असतील तर कोण करतंय याची खात्री करून घ्या. संशय नेहमी घाबरटावर जातो आणि पुष्कळदा करणारं दुसरंच निघतं. दोन-तीन दिवस वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं की कळतं.

२. साफसफाई (थोडे पैसे, पण इथेच बहुतेक घरं चुकतात)

मांजराच्या शूमध्ये यूरिक ॲसिडचे क्षार असतात. ते साध्या पाण्याने निघत नाहीत. फरशी आपल्याला स्वच्छ दिसते, वासही जातो, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवेत दमटपणा आला की तोच कोपरा पुन्हा दरवळायला लागतो. आपल्याला पावसाळ्यात येणारा वास मांजराला बाराही महिने येत असतो. जुनी जागा त्याच्या हिशेबी संडासच राहते.

आता फिनेल. आपल्याकडे मावशी फरशी पुसायच्या बादलीत झाकणभर फिनेल ओततात आणि त्याशिवाय घर पुसल्यासारखं वाटत नाही. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट मोडता येत नाहीत. ते ओल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं. काळं फिनेल तर नकोच. पांढरं, पाइनच्या वासाचं नको. आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी अँटिसेप्टिक द्रावणंही नकोत. कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवल्या की मांजर तिथे जात नाही, असा सल्ला शेजारून हमखास मिळतो. डांबरगोळी मांजराला विषारी आहे. ब्लीच शूवर ओतलं तर त्रासदायक वायू तयार होतो, तो तुमच्याही छातीला वाईट. अमोनियावाले क्लीनर शूसारखेच वास मारतात, म्हणजे मांजराला आमंत्रणच.

काय करायचं ते असं. ओलं असेल तर जुन्या कपड्याने दाबून टिपा, घासू नका, घासल्याने ते आत मुरतं. मग गार पाणी, पुन्हा टिपा. मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा एन्झाइम क्लीनर भरपूर ओता. शू जिथपर्यंत मुरलीय तिथपर्यंत तो पोचला पाहिजे, त्यामुळे गादीवर नुसता फवारा मारून भागत नाही. बाटलीवर लिहिलेला वेळ ठेवा आणि आपोआप वाळू द्या. तो मिळाला नाही तर एन्झाइमवाली कपडे धुण्याची पावडर कोमट पाण्यात कालवून लावा आणि साध्या पाण्याने दोनदा काढा. वाळल्यावर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांमध्ये शहाबादी फरशीच्या सांध्यांत शू जिरते, तिथे हे दोन-तीनदा करावं लागतं. गादी पार भिजलेली असेल आणि बरेच महिने तेच चालू असेल, तर खरं सांगायचं तर ती गादी गेली. कव्हर बदलून तीच ठेवण्यात अर्थ नाही.

जागा साफ झाली की तिथे मांजराची खाण्याची वाटी ठेवून बघा. जेवणाच्या जागी मांजर सहसा घाण करत नाही.

३. ट्रे

सर्वात जास्त वेळा मला घोळ सापडलाय तो जागेत. आपल्याकडे ट्रे ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनला चिकटून. मांजर निवांत बसलंय आणि मशीन पिळायला लागलं, की घाबरट मांजराला एक वेळ पुरते. त्यानंतर ते त्या दाराकडेही फिरकत नाही. किंवा ट्रे बाथरूममध्ये, आणि सकाळी सात ते नऊ बाथरूमचं दार बंद. गंगापूर रोडच्या एका फ्लॅटमध्ये ट्रे मुख्य दाराशी होता. कुरिअरवाला, दूधवाला, लिफ्टचा आवाज, सगळं तिथेच. तो दिवाणखान्याच्या शांत कोपऱ्यात, टीपॉयच्या आड नेला आणि त्या घरापुरता विषय संपला. आलेल्या पाहुण्यांना ट्रे दिसतो, हे मान्य. शू केलेला सोफाही दिसतोच.

ट्रेमध्ये बसलेल्या मांजराला दार दिसलं पाहिजे, आणि निसटायला एकाहून जास्त वाटा असल्या पाहिजेत. म्हणून झाकणवाला ट्रे घाबरट मांजराला देऊ नका. झाकणामुळे वास आत कोंडतो आणि दुसरं मांजर तोंडावर दबा धरून बसू शकतं.

संख्या: मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी. शेजारी शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या लेखी एकच. वन बीएचकेत हे जड जातं, कळतं मला. निदान दोन टोकांना दोन ठेवा.

आकार: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजर जितकं लांब, त्याच्या दीडपट. दुकानातले बहुतेक ट्रे पिल्लांच्या मापाचे असतात. त्यापेक्षा कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या आणि एक बाजू खाली कापा. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात, त्याला उंच कड ओलांडणं नको होतं आणि ते बाहेरच उरकतं.

आत काय घालायचं याचं उत्तर मांजरालाच विचारा. दोन ट्रे ठेवा, एकात बारीक, बिनवासाचं, गोळा होणारं लिटर, दुसऱ्यात चाळलेली वाळू. चार दिवसांत निकाल लागतो. रस्त्यावरून आलेल्या मांजरांना वाळू-माती ओळखीची असते. त्यांच्यापुढे लव्हेंडरच्या वासाचे टोकदार खडे ठेवले तर ती पायपुसण्यावर जाणारच. वखारीतला भुसा स्वस्त पडतो, पण त्यात धूळ आणि प्लायच्या रसायनांचा भरवसा नाही, मी वापरत नाही. अगदी लहान पिल्लं लिटर खाऊन बघतात, त्यांना गोळा होणारं लिटर नको. थर 3 ते 5 सेंटिमीटर पुरे. लिटर बदलायचं तर एकदम बदलू नका, जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत जा.

रोज एकदा तरी, शक्यतो दोनदा, गोळे काढा. पूर्ण लिटर बदलताना ट्रे साध्या साबणाने धुवा. काढलेलं पिशवीत बांधून घंटागाडीत द्या, संडासात टाकलंत तर पाईप तुंबेल. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं, मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण होऊ शकते.

४. ताट-वाटी

शी पातळ असेल आणि ट्रेपर्यंत पोचायच्या आत होत असेल, तर पहिला प्रश्न: दूध देताय का? आपल्याकडे मांजर म्हणजे दूध-पोळी हे ठरलेलं. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. आठवडाभर दूध पूर्ण बंद करून बघा, फुकटची तपासणी आहे. जंताचं औषध कधी दिलं होतं तेही आठवा.

शूच्या तक्रारीत पाणी महत्त्वाचं. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम 10 टक्के, ओल्यात 75-80 टक्के. फक्त कोरडं खाणाऱ्या मांजराची शू घट्ट होते आणि मूत्राशयाला टोचते. बिनमिठाचं उकडलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट, किंवा पाकिटातलं ओलं खाद्य रोज एक वेळ तरी द्या. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, रुंद, आणि ट्रेपासून लांब.

५. धास्ती कशाची?

इथून पुढे पैशापेक्षा वेळ जास्त लागतो.

पहिला संशयित बाहेरचा बोका. तळमजल्यावर आणि सिडकोतल्या रो-हाऊसमध्ये तर बहुतेक वेळा तोच. तो कंपाउंडच्या भिंतीवर येऊन बसतो, दारावर पिचकारी मारतो, आणि आतलं मांजर आतून उत्तर देतं. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला अपारदर्शक कागद लावा, दाराबाहेरचा भाग एन्झाइमने धुवा, बाहेर खरकटं ठेवणं बंद करा. जमलं तर त्या बोक्याची नसबंदी करून घ्या. तुमच्या मांजराइतकाच त्यालाही फायदा आहे.

दुसरा संशयित घरातलंच दुसरं मांजर. मारामारी दिसत नाही म्हणून सगळे म्हणतात, "छान जमतं हो दोघांचं." एक जण पॅसेजच्या मध्ये नुसता पसरून बसतो आणि दुसऱ्याची ट्रेकडे जायची हिंमत होत नाही, एवढं पुरतं. वाटी, पाणी, ट्रे, झोपायची जागा, सगळं दोन ठिकाणी करा. उंच जागा द्या: कपाटावर एक चादर, चढायला मध्ये एक स्टूल. वरून बघता आलं की घाबरट मांजर बरंच निवळतं.

तिसरा आवाज. आपल्या गावाला ढोलाचं वेड आहे, ते मला स्वतःलाही आहे. पण गणपतीची मिरवणूक, जुन्या नाशकातली रहाडीची (रंगाच्या जुन्या हौदांतली) रंगपंचमी, लग्नाच्या वराती आणि दिवाळीचे फटाके मांजराच्या कानाला झेपत नाहीत. देवळाली कॅम्पकडे तोफखान्याच्या सरावाचे आवाज. शहरात सिंहस्थाच्या कामांची खोदाई. हे बंद करणं आपल्या हातात नाही. हातात आहे ती एक खोली: रस्त्यापासून सर्वात आतली, पडदे लावलेली, पंखा चालू, त्यात ट्रे, पाणी, तुमची न धुतलेली चादर आणि एका बाजूने कापलेलं पुठ्ठ्याचं खोकं. मिरवणुकीच्या दिवशी ऐनवेळी मांजराला पकडून आत टाकू नका, त्याने ती खोलीच भीतीची होते. दोन-चार दिवस आधीपासून तिथे जेवायला घाला.

घर बदललंय किंवा मांजर नवीन आणलंय, तरीही हीच युक्ती. आधी एकच खोली. तिथे आठवडाभर ट्रे नीट वापरला की दुसरी खोली उघडा, मग तिसरी. सगळं घर एकदम मोकळं केलं की घाबरट मांजर पहिल्या सापडलेल्या पलंगाखाली शिरतं आणि तिथेच उरकतं.

जेवण आणि खेळ ठरलेल्या वेळी. दोरीला पीस बांधून दहा मिनिटं पळवा, मग लगेच खायला द्या. नाक शूमध्ये घासणं, चापट, पाण्याचा फवारा, ओरडणं यांतलं काहीही चालत नाही. मांजर त्यातून एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही. मग ते कपाटामागे करतं आणि तुम्हाला महिन्याने कळतं. मांजराच्या गालाच्या गंधासारखे फेरोमोनचे डिफ्यूझर मिळतात. काही घरांत फरक पडलेला पाहिलाय, काहींत अजिबात नाही. महाग आहेत, म्हणून वरचं सगळं झाल्यावरच.

६. नसबंदी

पिचकारी मारणाऱ्या बोक्याची नसबंदी झालेली नसेल, तर वरच्या पाचही पायऱ्या करून फारसं काही हाती लागणार नाही. साधारण 10 पैकी 9 बोके नसबंदीनंतर पिचकारी मारणं सोडतात किंवा खूप कमी करतात. लगेच नव्हे, काही आठवडे जातात. मांजरीही माजावर असताना फवारतात, तेव्हा "मादी आहे, ती नाही करणार" असं धरून चालू नका. पाच-सहा महिन्यांच्या वयात केलं तर सवय लागायच्या आतच प्रश्न मिटतो.

७. डॉक्टर

लोक हे शेवटी ठेवतात. मी खर्चाच्या क्रमात शेवटी ठेवलंय, पण खालचं काही दिसलं तर वरच्या पायऱ्या सोडून थेट इथे या:

- शूमध्ये रक्त, किंवा सारखं बसणं. बोक्याला शू येतच नसेल तर त्याच क्षणी.
- आधी व्यवस्थित असलेल्या मांजराने अचानक सुरू केलं आणि घरात काहीच बदललेलं नाही.
- वय सातच्या पुढे आणि पाणी पिणं, शू वाढली आहे: मूत्रपिंड, मधुमेह, थायरॉइड.
- दिवसभर काही खाल्लेलं नाही. मांजर उपाशी राहिलं की यकृत बिघडतं.
- वरचं सगळं नीट करून दोन-तीन आठवडे झाले आणि वही तशीच भरतेय.

जाताना ती वही न्या. डॉक्टर शू तपासतील, गरज वाटली तर सोनोग्राफी, एक्स-रे, रक्त. घाबरट मांजरांमध्ये पुष्कळदा असं निघतं की जंतू नाहीत, खडे नाहीत, तरी मूत्राशय सुजलेलं आहे. ताणामुळे होणारा हा आजार खरा असतो, दुखतो, आठवडाभरात आपसूक उतरतो आणि पुढच्या ताणाला परत येतो. म्हणूनच "मागच्या वेळी औषधाने बरं झालं होतं" म्हणून तेच अँटिबायोटिक दुकानातून आणू नका. तेव्हाही बहुधा ते आपोआपच बरं झालेलं असतं. अशा मांजराला ओलं खाणं आणि पाचव्या पायरीतली खोली हेच मोठं औषध.

तरीही भीती हटत नसेल तर डॉक्टर फ्लुओक्सेटिनसारखी गोळी देतात. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करायची नाही. घरातल्या कुणाची झोपेची किंवा तापाची गोळी अर्धी करून देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

न्यायची पेटी आदल्या दिवशी माळ्यावरून काढलीत तर मांजर पलंगाखालून निघणार नाही. ती कायम बाहेर, आत टॉवेल घालून, दार उघडं ठेवून असू द्या. झोपायला लागलं म्हणजे काम झालं. आणि तुमच्या भागात रात्री फोन उचलणारा जनावरांचा डॉक्टर कोण, हे आजच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा. बोका असेल तर नक्कीच.